एमजी घ्यावी की ट्रायम्फ?

आजचा विषय आम्ही ठरवलेला नाही, तो तुमच्यातल्याच एकाने ठरवला आहे. महिन्यापूर्वी या गावातल्या एका तरुणाचा आम्हाला फोन आला. जमिनीचा मोबदला मिळाला होता, घर बांधून झालं होतं, धाकट्या बहिणीचं लग्न उरकलं होतं आणि थोडे पैसे उरले होते. म्हणाला, 'सर, दोन गाड्या बघून ठेवल्यात. मुंबईत एक एमजीबी आहे आणि पुण्यात एक ट्रायम्फ स्पिटफायर. दोन्ही इंग्लंडच्या, दोन्ही दोन सीटच्या, दोन्हींचं छप्पर उघडतं. कोणती घेऊ?' आम्ही म्हणालो, बाबा रे, आम्ही इतिहास शिकवतो, गाड्या विकत नाही. तर म्हणाला, 'म्हणूनच तुम्हाला विचारतोय. विकणारा त्याचीच चांगली म्हणणार.'

यावर काय बोलणार? त्याची एक अट मात्र लक्षात ठेवा, कारण आजचं सगळं बोलणं तिच्यावर उभं आहे. गाडी शोभेला ठेवायची नाही, चालवायची. कधी शेंद्र्यावरून संभाजीनगर, कधी जालना, जमलं तर कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव. तो आज इथे बसलेला आहे. कोण ते शोधत बसू नका.

या पट्ट्याला गाड्यांचं वेड नवं नाही. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, आपल्या शेजारी शेंद्र्यात २००१ पासून स्कोडा तयार होतात आणि २०१० मध्ये याच शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, ती बातमी देशभर गाजली. पण नवी गाडी घेणं आणि साठ वर्षं जुनी गाडी घेणं यात फरक आहे. नव्या गाडीबरोबर कंपनी येते. जुन्या गाडीबरोबर तिचा इतिहास येतो, आणि तो निस्तरायला कंपनी येत नाही.

आधी एक गोंधळ दूर करू. आज रस्त्यावर ज्या नव्या एमजी दिसतात त्या गुजरातेत हालोलला बनतात आणि ते नाव आता चीनच्या सैक कंपनीकडे आहे. आपली एमजी ती नव्हे. ट्रायम्फचं तर आणखी गमतीचं आहे. बजाजबरोबर ज्या ट्रायम्फ मोटरसायकली चाकणला तयार होतात, त्यांचा आणि ट्रायम्फ मोटारींचा घरोबा १९३६ सालीच मोडला. मोटरसायकलचा धंदा वेगळ्या मालकाला विकला गेला आणि मोटारींचा धंदा पुढे स्टँडर्ड नावाच्या कंपनीने घेतला. मोटारींवरचं ट्रायम्फ हे नाव आज बीएमडब्ल्यूच्या मालकीचं आहे आणि ते नुसतं पडून आहे. तेव्हा स्पिटफायरचा पार्ट मागायला कुणी बजाजच्या शोरूममध्ये जाऊ नये!

आता ऑक्टोबर १९६२. लंडनमध्ये अर्ल्स कोर्टला दरवर्षीचं मोटारींचं प्रदर्शन भरलं होतं. त्यात या दोन्ही गाड्या नव्याकोऱ्या उभ्या होत्या. एमजीबी महिनाभर आधी बाजारात आली होती, स्पिटफायर तिथेच पहिल्यांदा लोकांसमोर आली. त्याच महिन्यात, २० ऑक्टोबरला, चीनने आपल्यावर हल्ला केला. पुढच्या महिन्यात यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. परकीय चलनाची पै न् पै मोजली जात होती. त्या दिवसांत इंग्लंडहून हौसेची गाडी आणायला परवानगी मागणं म्हणजे दुष्काळात कारंजं बांधायला मागण्यासारखं होतं. म्हणून या गाड्या भारतात फार थोड्या आल्या. काही वकिलातींच्या अधिकाऱ्यांबरोबर आल्या, काही परदेशातून कायमचं परतणाऱ्यांनी आणल्या. वकिलातींच्या गाड्या मग सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत लिलावात निघायच्या. आपल्या मित्राने पाहिलेल्या दोन गाड्याही अशाच कुठल्या तरी वाटेने आल्या असणार.

या दोघींची घराणी बघू. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डला विल्यम मॉरिसचं गॅरेज होतं, तिथला व्यवस्थापक सेसिल किंबर साध्या मॉरिस गाड्यांवर देखण्या बॉड्या चढवून विकू लागला. १९२९ मध्ये हे काम ॲबिंग्डनला गेलं आणि पुढची पन्नास वर्षं तिथेच राहिलं. किंबरची युक्ती साधी होती आणि एमजीने ती शेवटपर्यंत सोडली नाही: इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल हे सगळं घरच्याच साध्या गाडीचं घ्यायचं, थोडं धारदार करायचं आणि त्यावर सुंदर पत्रा चढवायचा. म्हणजे एमजीच्या आत नेहमी कुणीतरी संसारी गाडी लपलेली असते. हे लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

ट्रायम्फची कथा जास्त रंजक आहे, थोडं थांबून सांगतो. १९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस ही दोन मोठी घराणी एकत्र आली आणि बीएमसी झाली, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन. दुसऱ्याच वर्षी बीएमसीने फिशर अँड लडलो हा बॉड्या बनवणारा मोठा कारखाना विकत घेतला. आता गंमत अशी की, स्टँडर्ड-ट्रायम्फच्या छोट्या गाडीच्या बॉड्याही त्याच कारखान्यातून यायच्या. उद्या आपली पिठाची गिरणी शेजारच्या हॉटेलवाल्याने विकत घेतली तर आपल्या हॉटेलचं काय होईल? तसं झालं. ट्रायम्फला नवी गाडी काढायची होती, पण अख्खी बॉडी एका साच्यातून काढून देणारं कुणी उरलं नाही. मग त्यांनी उलटा विचार केला. खाली स्वतंत्र चॅसिस ठेवायची, वर बॉडीचे छोटे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी करून घ्यायचे आणि बोल्टने जोडायचे. इटलीच्या मिकेलोत्तीने रूप दिलं. ही १९५९ ची ट्रायम्फ हेराल्ड. जगभरच्या नव्या गाड्या चॅसिस सोडत चालल्या होत्या, तेव्हा हेराल्ड चॅसिसवर उभी राहिली, आणि ती हौसेने नाही, नाइलाजाने.

त्याच हेराल्डची चॅसिस आखूड करून मिकेलोत्तीने दोन सीटची गाडी काढली. कंपनीकडे पैसे नव्हते, नमुना कारखान्याच्या कोपऱ्यात कापडाखाली पडून राहिला. १९६१ मध्ये लेलँडने कंपनी घेतली, नव्या साहेबांनी कारखान्यात फिरताना ते कापड उचललं आणि गाडी मंजूर झाली. तीच स्पिटफायर. नाव दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं.

आता आपल्याकडे येऊ, कारण खरी गोष्ट इथे आहे.

स्वातंत्र्यानंतर सरकारने तयार गाड्यांची आयात जवळपास बंद केली आणि १९५३ मध्ये स्पष्ट सांगितलं की इथे टप्प्याटप्प्याने गाडी बनवायची तयारी असेल तर राहा, नुसते सुटे भाग आणून जोडायचे असतील तर गाशा गुंडाळा. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडत होती, तिने गाशा गुंडाळला. उरल्या त्यांत मोटारींपुरत्या तीन कंपन्या महत्त्वाच्या. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची प्रीमियर, कुर्ल्याची, तिने इटलीची फियाट धरली. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने मॉरिस धरली. आणि मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ मध्ये हेराल्ड काढली. तुकड्यांची बॉडी बोल्टने जोडायची असल्यामुळे दूरच्या देशात ती उभी करणं सोपं होतं. इंग्लंडमधला नाइलाज मद्रासला सोयीचा झाला.

हिंदुस्थान मोटर्सची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज तीन म्हणजे अँबॅसॅडर. सुरुवातीला तिला जुन्या धर्तीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन होतं. थोड्याच काळात त्या जागी १४८९ सीसीचं नवं इंजिन आलं. बीएमसीमध्ये त्याला 'बी-सिरीज' म्हणत. याच १४८९ सीसीच्या बी-सिरीजवर एमजीने १९५५ मध्ये एमजीए काढली. बोअर तोच, ७३ मिलिमीटर. स्ट्रोक तोच, ८८.९. एमजीएला दोन एसयू कार्बोरेटर दिले आणि ताकद थोडी वाढवली, एवढंच. पुढे एमजीबीसाठी तेच इंजिन बोअर वाढवून १७९८ सीसीचं केलं. स्ट्रोक तोच राहिला.

म्हणजे बघा, कलेक्टरसाहेबांच्या पांढऱ्या अँबॅसॅडरच्या बॉनेटखाली एमजीचा सख्खा भाऊ होता आणि मुंबईच्या एखाद्या डॉक्टरांच्या हेराल्डखाली स्पिटफायरची सख्खी बहीण. इंग्लंडमध्ये जो प्रश्न हौशी तरुणांना पडायचा, एमजी की ट्रायम्फ, तो आपल्याकडे १९६१ पासून संसारी माणसांना पडत होता. फक्त छप्पर बंद होतं आणि मागे आजी बसलेली असायची.

आणि आपल्याकडे निकालही लागला. अँबॅसॅडर २०१४ पर्यंत बनत राहिली. हेराल्डला मुदत कमी मिळाली. तिच्यावरून काढलेली गॅझेल १९७७ च्या सुमाराला थांबली आणि स्टँडर्ड कंपनी १९८८ मध्ये बंद पडली. हा निकाल का लागला, त्याचं एक कारण रस्त्यावर दिसतं. हेराल्डला मागची दोन्ही चाकं स्वतंत्र होती, आडवा पाटा आणि त्याला धरून हलणारे दोन अर्धे ॲक्सल. कागदावर हे अँबॅसॅडरच्या अखंड ॲक्सलपेक्षा पुढारलेलं. पण वळणावर वेगात असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला, तर मागचं वजन हलकं होतं, बाहेरचं चाक आत दुमडतं आणि गाडीचं बूड बाहेर फेकलं जातं. शिवाय गावोगावच्या मिस्त्रींना ते प्रकरण पसंत नव्हतं. मद्रासच्या कंपनीने हे ओळखलं आणि १९७० नंतरच्या गॅझेलला मागे सरळ अखंड ॲक्सल बसवला. इंग्रज इंजिनिअरांचा अभिमान आपल्या मिस्त्रींनी सरळ करून घेतला, असं आम्हाला गमतीने म्हणावंसं वाटतं.

स्पिटफायरला हाच मागचा भाग होता. इंग्लंडमध्ये १९७० च्या मार्क फोरपासून पाट्याची रचना बदलून तो दोष बराच कमी केला. म्हणून पुण्याची गाडी कोणत्या सालची, हे आधी बघायला हवं. १९७० च्या आधीची असेल आणि तुला कन्नडचा औट्रम घाट उतरायचा असेल, तर उतर बाबा, पण वळणात पाय स्थिर ठेव.

स्पिटफायरची बाजू आम्ही मुद्दाम मांडतो, कारण ती कमी नाही. वजनाला ती एमजीबीपेक्षा बरीच हलकी आहे. वळते तर अशी की करमाडच्या बाजारात आठवडी गर्दीतही एका दमात फिरवाल. हेराल्डपासूनची ती ख्याती आहे. अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. आणि चॅसिस वेगळी असल्यामुळे पत्रा सडला तरी बॉडी उचलून काम करता येतं. एमजीबीला चॅसिस नाही. तिचा पत्राच तिचा सांगाडा. दरवाज्याखालची पोकळ पट्टी, जिला ते लोक सिल म्हणतात, ती गंजली की गाडी मधून वाकायला लागते. मुंबईची गाडी म्हणजे समुद्राची हवा. नुसता पत्रा बघायचा तर आम्ही पुण्याची घेतली असती.

तरीही आम्ही एमजीबी म्हणतो.

कारण सांगतो. दोन्ही गाड्यांचे पार्ट आज इंग्लंडहून मागवता येतात. एमजीबीची तर अख्खी नवी बॉडीसुद्धा १९८८ पासून मूळ साच्यांवर काढली जाते. पार्टचा प्रश्न पैशाचा आहे, तो सुटेल. हाताचा प्रश्न पैशाने सुटत नाही. जालना रोडवर, संभाजीनगरच्या जुन्या गॅरेजांत, साठी-सत्तरीचे असे मिस्त्री अजून आहेत ज्यांनी आयुष्यभर बी-सिरीजचं हेड उतरवलं, टॅपेट लावले, टायमिंग नुसत्या कानाने ठरवलं. त्यांनी ॲबिंग्डनचं नाव ऐकलेलं नसेल. पण एमजीबीचं बॉनेट उघडून दाखवा, ते म्हणतील, हे तर आपलंच. अँबॅसॅडरचा पिस्टन तिला बसणार नाही, बोअर मोठा आहे. रचना मात्र तीच: ओतीव लोखंडी ब्लॉक, बाजूला कॅमशाफ्ट, पुशरॉड. हेराल्डवर हात बसलेला माणूस शोधायचा तर चेन्नई गाठावी लागेल किंवा मुंबईत खूप हिंडावं लागेल. मराठवाड्यात हेराल्ड होत्याच किती?

इथे एक सावधगिरी. १९९० च्या दशकात अँबॅसॅडरला जपानी इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आलं. लोक त्यालाही अठराशेच म्हणतात आणि एमजीबीलाही अठराशे. आकडा जवळचा, पण नात्याने काही नाही. जुन्या बाजारात कुणी 'अठराशेचं सामान आहे' म्हणाला तर एकदम पैसे काढू नका.

आणि हे जे दोन गट, एमजीवाले आणि ट्रायम्फवाले, इंग्लंडमध्ये आजही एकमेकांना टोमणे मारतात, त्यांचा तरी भाव किती ठेवायचा? १९६८ मध्ये दोन्ही घराणी ब्रिटिश लेलँड या एकाच छपराखाली आली. १९७४ मध्ये त्याच कंपनीने एमजीच्या छोट्या मिजेटला चक्क ट्रायम्फचं १४९३ सीसी इंजिन बसवलं, स्पिटफायरमधलं. ज्याने हट्टाने एमजी घेतली त्याच्या हाती बॉनेटखाली ट्रायम्फ आली! १९७४ नंतरच्या एमजीबीला अमेरिकेच्या नियमांपायी काळे रबरी बंपर लावले आणि गाडी उंच केली, त्यात वळणावरची पकड गेली. म्हणून क्रोमच्या बंपरची, १९७४ च्या आधीची बघायची. १९८० मध्ये ऑगस्टला स्पिटफायर बंद झाली, ऑक्टोबरला ॲबिंग्डनचा कारखाना. एकत्र जन्मल्या, एकत्र गेल्या. एमजीबी पाच लाखांच्या वर बनल्या, स्पिटफायर तीन लाखांच्या वर. बहुतेक अमेरिकेला गेल्या.

आता कागदपत्रं, कारण चालवायची अट तिथे अडू शकते. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपातली गाडी त्याखाली नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरात 'व्हीए' अक्षरं. ऐकायला छान वाटतं. पण त्याच नियमांत म्हटलंय की अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. म्हणजे बायकोला घेऊन जालन्याला लग्नाला जायचं, तर ते यात कुठे बसतं? ज्या गाडीची जुनी मूळ नोंदणी जिवंत आहे, वेळेवर नूतनीकरण होत आलंय, तिचं आरसी बुक सोन्याच्या भावाचं समजा. दोन गाड्यांपैकी एकीची नोंदणी मेलेली असेल, तर आमचं आतापर्यंतचं सगळं व्याख्यान बाजूला ठेवा आणि दुसरी घ्या. हे आम्ही मनापासून सांगतोय. नुसत्या चकचकीत रंगावर भाळून लोकांनी गाड्या घेतल्या आणि पुढे आरटीओच्या फेऱ्यांत वर्षं घालवली.

पेट्रोलचंही बघावं लागेल. या इंजिनांची हेडं शिसं असलेल्या पेट्रोलवर वाढली. शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीला जपायचं. आपल्याकडे २००० सालापासून ते बंद झालं, त्यामुळे हेडमध्ये कठीण धातूच्या सीट बसवल्यात का, हे विचारायचं. नसतील तर कुठल्याही चांगल्या लेथवाल्याकडे ते काम होतं. आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ऊस पिकवणाऱ्याला ते बरं, पण साठ वर्षांपूर्वीच्या रबराला ते सोसत नाही. पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरच्या सील, सगळं नव्या प्रकारच्या रबराचं करून घ्यायचं, आणि तेही पहिल्या लांब फेरीच्या आधी. गरम इंजिनावर पेट्रोलची नळी फुटली तर पुढे काय होतं ते सांगायला नको. तिसरं, रेडिएटर. बेचाळीस अंशांत जालना रोडच्या टोलवर उभी राहणारी गाडी इंग्लंडच्या पावसासाठी बनवलेली आहे. जाळी साफ करून घ्यायची आणि विजेचा पंखा लावायचा. शुद्धतावाले नाकं मुरडतील. मुरडू देत.

सभेच्या आधी आपल्या मित्राने विचारलं, 'सर, मग मुंबईची बघायला कधी जायचं?' येत्या रविवारी जातोय. बरोबर एक मिस्त्री येणार आहेत, वय त्र्याहत्तर, नाव सांगू नका म्हणालेत. त्यांनी एकच वस्तू बरोबर घ्यायला सांगितलीय, लोहचुंबक. दरवाज्याखालच्या पट्टीवरून फिरवायचा. चिकटला तर पत्रा, सुटला तर पुट्टी. घरात चुंबक सापडेना, म्हणून आम्ही काल जुना स्पीकर फोडला.